कागदावरचा कोच

विलार द उर्झ, १९ ऑक्टोबर १९९८

मावशी,

आधी हातातली मासळीची सुरी खाली ठेव आणि मग वाच. बातमी चांगली आहे, पण तुला बातम्या ऐकताना हातवारे करायची सवय आहे.

मी कोच झालो.

हो, मीच. चौदा वर्षं मधल्या फळीत ऊर फुटेस्तोवर धावलो आणि पेपरवाल्यांना ज्याचं नाव एकदाही नीट छापता आलं नाही, तो तुझा भाचा. काल आम्ही घरच्या मैदानावर चार गोल खाल्ले. आमचे अध्यक्ष अमांदियु यांचा सॉसेजचा कारखाना आहे, आणि ते माणसांकडेही वजनकाट्यावर ठेवल्यासारखेच बघतात. त्यांनी सामना संपायच्या आत कोचला नारळ दिला आणि मला कारखान्यात बोलावून घेतलं. म्हणाले, "अदेरितु, तुझा गुडघा कामातून गेलाय, पण तोंड अजून शाबूत आहे. आजपासून संघ तुझा." खेळाडू म्हणून माझा निरोप आणि कोच म्हणून माझी नेमणूक, दोन्ही एकाच कॉफीत उरकलं. कॉफीही मीच आणली होती.

आता घोडं अडलंय ते परवान्यावर. या विभागात कोच व्हायला वरच्या पायरीचा परवाना लागतो आणि माझी परीक्षा थेट मे महिन्यात. अशा वेळी सगळे क्लब जे करतात तेच आम्ही करणार. परवाना असलेला कोणीतरी कागदावर कोच म्हणून दाखवायचा, आणि खऱ्या कोचला त्याचा सहायक म्हणून बाकावर बसवायचं. नियम असा आहे की कागदावर ज्याचं नाव, त्यानेच रेषेपाशी उभं राहून ओरडायचं. सहायक नुसता उठला तरी रेफरी कार्ड काढतो.

म्हणजे मला असा माणूस हवाय, ज्याच्याकडे परवाना आहे, ज्याला कामधंदा नाही आणि जो माझं ऐकेल. असा माणूस अख्ख्या पोर्तुगालमध्ये मला एकच माहीत आहे, आणि तो आत्ता तुझ्या खिडकीत बसलाय. शाळेत कवायत शिकवताना काकांनी निघेल ती परीक्षा दिली, आणि पोरांचे संघ खेळवण्यापलीकडे तिचा कधी उपयोग केला नाही. आता होऊ दे उपयोग. त्यांना काहीच करायचं नाहीये. नुसतं उभं राहायचं.

फोन करत नाही, कारण इथला फोन खानावळीच्या भिंतीवर आहे आणि सगळा संघ त्याच्याखाली बसून जेवतो.

तुझा,
अदेरितु

ता. क. 'नुसतं उभं राहायचं' हे काकांना सांगू नकोस.

*

सांव तेल्मु, २५ ऑक्टोबर

अदेरितु,

'सांगू नकोस' हे तू सगळ्यात शेवटी लिहिलंस. मी पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवत होते. तेव्हा ते गेलंच. पुढच्या वेळी अशा गोष्टी वर लिहीत जा.

त्यांनी काय केलं माहितीये? उठले, स्टुलावर चढले, कपाटावरची बॅग काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि मग मला विचारलं, "दियोलिंदा, तुझी हरकत नसेल तर जाऊ का?" आधी बॅग, मग परवानगी.

ने बाबा, ने. शाळा सुटल्यापासून हा माणूस खिडकीत बसून गल्लीतली मांजरं खेळवतोय. पिवळा बोका डावीकडे हवा, काळी मधल्या फळीत हवी. मांजरं ऐकत नाहीत आणि यांना त्याचं मनापासून वाईट वाटतं. परवा मला म्हणाले, "काळी फार पुढे जाते गं, मागे जागा मोकळी राहते." मी भांडी घासत होते. मला रडावं की हसावं कळेना.

पण एक सांग, तू त्यांना ओरडायला नेतोयस, तर ओरडणार कोण? त्या माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात वाकडा शब्द निघालेला नाही. शाळेतल्या पोरांनाही 'आपण' म्हणायचे. आमच्या सगळ्या संसारात माझ्यावर एकदाच भडकले, तेव्हा म्हणाले, "दियोलिंदा, मला वाटतं मी जरा बाहेर फिरून येतो." आणि येताना माझ्यासाठी संत्री घेऊन आले.

गुरुवारच्या बसने येतायत. लोकरीची गंजी रोज घालायची. दुपारनंतर कॉफी द्यायची नाही. मासा विचारतील, तिथल्या डोंगरात ताजा मासा कुठला मिळायला, म्हणून खारवलेला बाकाल्याव बॅगेत तळाशी घातलाय. शर्टांना वास लागला तर माझं नाव सांग.

मावशी

*

विलार द उर्झ, ३० नोव्हेंबर

मावशी,

शर्टांना वास लागला. आता काका आले की सगळ्या बाकाला कळतं.

तुझं म्हणणं खरं ठरलं. पहिल्या सामन्यात काका रेषेपाशी गेले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "निकानोर, आपल्याला गैरसोय होणार नसेल तर जरा पुढे सरकाल का?" निकानोर म्हणजे आमचा उजवा बॅक. तो बिचारा वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत थांबला. वाक्य संपलं तेव्हा चेंडू आमच्या जाळ्यात होता.

मग मी खुणा ठरवल्या. मी बाकावर बसून बाटलीतून घोट घेतला की सगळे पुढे. टोपी काढली की खेळाडू बदलायचा. वाकून बुटाची नाडी बांधली की सगळे मागे. काकांना म्हटलं, तुम्ही नुसता हात करा, बोलू नका. त्यांनी खुणा लगेच पाठ केल्या आणि सगळ्या संघाकडूनही घोटून घेतल्या, वर्गात पाढे घेतात तसं रोज सकाळी.

काल काय झालं ऐक. बरोबरीत सामना, शेवटची मिनिटं. आमचा तुल्यु चेंडू घेऊन सुटला, पुढ्यात एकटा गोलकीपर. आणि माझ्या बुटाची नाडी खरोखरच सुटली. मी वाकलो. अगं, माणूस वाकणारच की! काकांनी ताबडतोब हात केला. आणि तो गाढव तुल्यु, गोलपासून दहा पावलांवर, चेंडू पायात असताना गर्रकन वळला आणि धावत मागे आला. सगळं मैदान आ वासून बघत राहिलं. समोरच्या गोलकीपरने तर छातीवर क्रूस काढला.

मी कपाळ धरून बसलो होतो, तर काका शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "नाडीला दुहेरी गाठ मारावी, अदेरितु. तू लहान असतानाच शिकवलं होतं मी."

अमांदियुसाहेब विचारत होते, असा डाव कोणत्या पुस्तकात आहे.

अदेरितु

*

सांव तेल्मु, ९ डिसेंबर

अदेरितु,

तुझं पत्र मी मासळीबाजारात वाचून दाखवलं. जुझेफिनाला हसता हसता उचकी लागली, ती अजून थांबलेली नाही.

आता दुसरी बाजू ऐक. रोज जेवणाआधी ते तुमच्या त्या खानावळीतून फोन करतात. काल मी विचारलं, "कसं चाललंय?" तर म्हणाले, "ठीक आहे. सहायक चांगला मिळालाय. मेहनती आहे. फक्त बाकावर फार चुळबुळ करतो."

चुळबुळ करू नकोस रे, संघाला त्रास होतो.

आणि प्रत्येक सामन्यानंतर रेफरीला शोधून त्याचे आभार मानतात म्हणे. हरल्यावरसुद्धा. परवा एकाच्या घरची चौकशी करून, त्याच्या आईच्या संधिवातावर तेल सुचवून आले. मी म्हटलं, "अहो, कोच लोक रेफरीला शिव्या देतात." तर म्हणाले, "का? त्यांना तर दोन्ही बाजूंचं सांभाळावं लागतं."

सार्डिनचे डबे पाठवलेत. गंजी आणखी दोन. आवाजात त्यांच्या बदल झालाय, तुझ्या कानावर आला का? पूर्वी फोनवर बोलताना मला 'काय?' 'काय?' करावं लागायचं. आता मी फोन कानापासून लांब धरते.

मावशी

*

विलार द उर्झ, ८ फेब्रुवारी १९९९

मावशी,

इथे गुडघाभर बर्फ आहे आणि माझं डोकं मात्र तापलंय.

आम्ही जिंकतोय. नाताळपासून एकही सामना हरलेलो नाही. पण कोण जिंकतंय, ते जरा विचार. सोबत पेपरचं कात्रण पाठवतोय. मथळा वाच, 'डोंगरातला म्हातारा कोल्हा'. फोटोत काका हात मागे बांधून उभे आहेत, आणि त्यांच्या कोपराच्या मागे जो अर्धा कान दिसतोय ना, तो माझा आहे. खाली छापलंय, 'शेजारी एक सहकारी'. अगं, नाव चुकीचं छापायचे ते दिवस बरे होते म्हणायची वेळ आली!

कॅफेत गेलो तर काकांच्या पुढ्यात लसणीच्या सॉसेजची बशी आपोआप येते. मी मागितली तर मालक म्हणतो, "आधी मास्तरांचं होऊ दे." न्हावी त्यांच्याकडून पैसे घेत नाही. पाद्रीबाबा प्रवचनात त्यांचा दाखला देतात.

आणि काल तर हद्द झाली. मी बाटलीतून घोट घेतला. म्हणजे पुढे चढा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा घोट घेतला. त्यांनी चक्क तोंड फिरवलं! मी अख्खी बाटली प्यालो, मावशी, पोटाचा नगारा झाला. त्यांनी निकानोरला बोलावलं आणि ओरडले. ऐकतेस का? ओरडले! "मध्ये जा! तू मध्ये जा!" आपण नाही, कृपया नाही. निकानोर उजवीकडून मध्ये गेला, तिथून त्याने पास काढला आणि तुल्युने गोल मारला. लोकांनी काकांना खांद्यावर घेतलं. रिकाम्या बाटल्या कोणी गोळा केल्या असतील, सांग.

चौदा वर्षं मी दुसऱ्यांना पास देत आलो. गोल त्यांचे, फोटो त्यांचे, आणि धाप माझी. त्यातही माझ्या नावावरचा सगळ्यात देखणा गोल आपल्याच जाळ्यात गेलेला. वाटलं होतं, कोच झाल्यावर तरी काही माझं म्हणून असेल. मावशी, काहीतरी निमित्त काढ आणि त्यांना घरी बोलावून घे. पाय मुरगळला म्हण. मी दुसरा म्हातारा शोधतो. बहिरा असेल तर उत्तमच.

अदेरितु

*

सांव तेल्मु, १५ फेब्रुवारी

अदेरितु,

हे पत्र मी कोणालाही वाचून दाखवलेलं नाही. मला लाज वाटली.

माझे पाय ठणठणीत आहेत आणि मी खोटं बोलणार नाही. तुझे पहिले बूट कोणी आणले होते? तुझी आई म्हणाली होती, पोरगं बोटीवर जाईल, बुटांची चैन कशाला. यांनी स्वतःचा हिवाळी कोट घ्यायचा राहू दिला आणि तुझे बूट आणले. त्यानंतरचे कितीतरी हिवाळे तो माणूस तेच विटकं जाकीट घालून तुला मैदानावर पळवत होता. ते राहू दे. तुला एक सांगते, जे त्यांनी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. आपल्या गावच्या मोठ्या संघाचा कोच आजारी पडला, आणि एका रविवारपुरतं यांचं नाव कागदावर लागलं. एका रविवारपुरतं, पण मोठ्या माणसांचा संघ! आमचं नवं लग्न झालेलं. मी शर्टाला दोनदा इस्त्री केली. यांनी नवा टाय घेतला. सगळी गल्ली मैदानावर लोटली. आणि संघ मैदानात उतरायच्या आत समुद्रावरून धुकं आलं. असं धुकं, की आपलाच हात दिसेना. रेफरी थोडा वेळ थांबला, मग गेला. खेळाडू गेले. लोक गेले. पुढच्या रविवारी जुना कोच बरा झाला, आणि यांना पुन्हा कोणी विचारलं नाही. म्हणायचे, मास्तर फार मऊ आहेत, पोरांसाठी ठीक आहेत.

त्या दिवशी ते घरी येईनात म्हणून मी शोधत गेले. चाचपडत मैदानावर पोचले, तर हे रेषेपाशी उभे. एकटे. टाय लावून. मला म्हणाले, "थोडं विरळ होतंय, नाही का?" काहीही विरळ होत नव्हतं रे. मी म्हटलं, "हो, होतंय." आणि आम्ही दोघं तिथे अंधार पडेपर्यंत उभे राहिलो. त्या दिवसापासून मी फुटबॉलच्या मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही.

आता तो माणूस ओरडायला शिकलाय, आणि तू म्हणतोस घरी बोलाव.

बाटल्या गोळा कर. आणि मुकाट्याने.

मावशी

*

विलार द उर्झ, २० मे

मावशी,

फेब्रुवारीनंतर लिहिलं नाही. बाटल्या मात्र गोळा केल्या.

खुणा मी केव्हाच बंद केल्या. आता रोज जेवण झालं की खानावळीच्या टेबलावर आम्ही दोघं मीठदाण्या आणि पेले सरकवत बसतो. मिरपुडीची बाटली म्हणजे तुल्यु. कधी त्यांचं खरं ठरतं, कधी माझं. मालकीणबाईंना मीठ लागलं की त्या हळूच विचारतात, "हा बॅक घेतला तर चालेल का?" मजा येते गं. इतकी मजा मला खेळतानाही आली नव्हती.

आणि आता मुद्द्याचं. मी परीक्षा पास झालो. परवाना टपालाने आला. फोटोत मी कोंबडीचोर दिसतो, पण परवाना खरा आहे.

येत्या ३० तारखेला शेवटचा सामना. जिंकलो तर वरच्या विभागात चढलो. बरोबरी झाली तर गेलं वर्ष पाण्यात. अमांदियुसाहेबांनी काल दार लावून घेतलं आणि म्हणाले, "आता तुझं नाव घाल. बंदरावरच्या त्या मोठ्या क्लबची माणसं बघायला येणारेत, त्यांना पुढच्या वर्षासाठी कोच हवाय. संघ ज्याच्या नावावर चढेल त्याला ते बोलावतील. म्हाताऱ्याला कोण बोलावणार?" बरोबर आहे त्यांचं. अशी संधी माझ्यासारख्याला पुन्हा येणार नाही, हे मलाही कळतं.

म्हणून मी काकांना सांगायला निघालो. ते शिंप्याकडे होते. त्यांनी त्या सामन्यासाठी नवा कोट शिवायला टाकलाय, राखाडी, चांगल्या लोकरीचा. आरशासमोर उभे होते. मला बघून म्हणाले, "बरा आलास. हात वर केला की बाही वर चढते का, तेवढं बघ." आणि त्यांनी सामन्यात करतात तसा हात वर केला. तुल्युला पुढे धाडताना करतात तसा.

मी म्हटलं, "नाही काका, झकास बसलाय." आणि परत आलो.

परवाना मोज्यांच्या खाली ठेवलाय. कागदावर काकांचंच नाव जाईल. मी बाकावर बसेन आणि चुळबुळ करणार नाही. अमांदियुसाहेब मला मूर्ख म्हणाले, त्यांचंही बरोबर आहे. पण इथे समुद्र नाही मावशी, धुकं यायची भीती नाही.

हे वर लिहायला हवं होतं, पण राहिलं. काकांना काही कळता कामा नये. फोनवर एक अक्षर बोललीस तर याद राख. शपथ घे.

अदेरितु

*

सांव तेल्मु, २२ मे

अदेरितु,

तू गाढव आहेस. पण आमचं गाढव आहेस, तेव्हा काय बोलू.

शपथ घेते. आपल्या गावच्या संताच्या, सांव तेल्मुच्या पायाशी मेणबत्ती लावून सांगते, फोनवर मी त्यांच्याशी याबद्दल एक अक्षरही बोलणार नाही.

नवा कोट मळवू देऊ नकोस.

मावशी

*

विलार द उर्झ, ३१ मे

मावशी,

काका आत्ता झोपलेत, दुपारचे बारा वाजलेत. मी मात्र कालपासून झोपलेलो नाही. काय घडलं ते क्रमाने सांगतो, नाहीतर तुझा विश्वास बसणार नाही.

मैदान खच्चून भरलेलं. कारखान्याच्या छतावर माणसं. काका नव्या कोटात रेषेपाशी, मी बाकावर हात मांड्यांखाली दाबून. गोल होईना. समोरच्यांनी सगळा संघ आपल्या गोलपुढे उभा केलेला. पहिला अर्धा कोरडा, दुसराही निम्म्याच्या वर गेला. मी ओठ चावत होतो. मला दिसत होतं काय करायचं ते, पण मी घोटसुद्धा घेतला नाही.

तेवढ्यात काका बाकाकडे आले. कोटाची बटणं सोडली, कोट काढला, नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "सांभाळ. धुळीत पडेल." मी म्हटलं, "काका, काय झालं?" ते वळले, आणि तडक मैदानात शिरले. खेळ चालू असताना!

रेफरीने शिट्टी मारली. हा तोच रेफरी, आईच्या संधिवाताचा. तो म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

काका म्हणाले, "उत्तम. आईंना तेल लागू पडलं का?"

"फार बरं वाटतंय त्यांना. आता बाहेर जाता का?"

"नाही," काका म्हणाले. मग चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि त्याच्यापुढे धरला. "आपल्याला याची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे."

रेफरी हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याने पिवळं कार्ड काढलं, तेही माफी मागितल्यासारखं, आणि म्हणाला, "चला मास्तर, जाऊ द्या."

"एवढंच?" काका म्हणाले. मावशी, त्यांच्या आवाजात घायकुती होती. "महाशय, मी आपला अपमान केलाय. मोठा अपमान. आपण जरा मनावर घ्या."

"मास्तर, तुम्ही कुणाचा अपमान कराल का कधी?"

काकांनी इकडे-तिकडे पाहिलं. चेंडू तिथेच पडला होता. त्यांनी दोन पावलं मागे घेतली आणि अशी सणसणीत लाथ हाणली की चेंडू कुंपणाबाहेर, आणि चेंडूच्या मागोमाग त्यांचा बूटही पायातून सुटला. बूट रेफरीच्या छातीवर बसला.

लाल कार्ड.

काका एका पायात बूट आणि दुसऱ्यात मोजा, असे ताठ मानेने बाहेर निघाले. आधी रेफरीचे आभार मानले, ते मी माझ्या कानाने ऐकलं. बाकापाशी आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऊठ आता."

मला काही कळेना. तोवर संघटनेचा निरीक्षक धावत आला. कोच बाहेर गेला की सहायकाने उभं राहायचं, हा नियम. पण तो विचारायला लागला, "सहायकाकडे परवाना आहे का? दाखवा." मी म्हणणार होतो की खोलीवर आहे, मोज्यांखाली. सवयीने छातीवरच्या खिशात हात घातला. आणि हाताला कार्ड लागलं. माझं कार्ड, कोंबडीचोराच्या फोटोचं. सकाळी काकांनी माझं जाकीट झटकून दिलं होतं.

मी उठलो. तोंडाला कोरड पडली म्हणून मी बाटली उचलली आणि घोट घेतला. आणि काय सांगू, सगळा संघ एकदम पुढे चढला! खुणा बंद करून महिने झाले होते, पण काकांनी पाढ्यांसारख्या घोटून घेतल्या होत्या. मी बोंबललो, "निकानोर, तू मध्ये जा!" तो मध्ये आला, पास काढला, आणि तुल्यु या वेळी मागे वळला नाही.

जिंकलो. चढलो.

काका कुंपणाबाहेर सॉसेजच्या गाडीवर उभे होते, नुसत्या शर्टात. त्यांनी हात वर केला होता.

आज पेपरात लिहिलंय की कोचला बाहेर काढल्यावर 'माजी मिडफिल्डर अदेरितु यांनी उभं राहून सामना फिरवला'. नाव बरोबर छापलंय, पहिल्यांदाच. बंदरावरच्या क्लबचा सकाळीच फोन आला. पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय.

मला माझ्या आयुष्यात कोणी असा पास दिला नव्हता, मावशी. मी इथे बसून रडलोय, हे बाजारात वाचून दाखवलंस तरी चालेल.

पण एक सांग. तू शपथ घेतली होतीस ना?

अदेरितु

*

सांव तेल्मु, १४ जून

अदेरितु,

शपथ फोनची होती. मी पत्र लिहिलं. तुला लिहिलं त्याच दिवशी, त्याच टेबलावर, आणि दोन्ही पाकिटं एकदमच टाकली. त्यांच्यापासून इतकी वर्षं मी काही लपवलेलं नाही, आता तुझ्यासाठी सुरुवात करू होय?

त्यांचं उत्तर आलं ते जपून ठेवलंय. एवढंच होतं, "दियोलिंदा, मुलाने उभं राहिलं पाहिजे, तेव्हा मला बाहेर जावं लागेल. रेफरीला काय बोलतात हे मी कधी शिकलो नाही. बाजारातले चार-पाच शब्द उलट टपाली कळवावेस." मी आणि जुझेफिनाने पानभर लिहून पाठवले, एकापेक्षा एक. आणि या माणसाने त्यातला एकही वापरला नाही. चष्मा काय, आईचं तेल काय! आमची सगळी मेहनत वाया.

बस थांब्यावर उतरले तेव्हा गल्ली गोळा झाली होती. मांजरंसुद्धा आली. त्यांनी काळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे, जाऊ दे तिला पुढे."

मंगळवारी संघटनेचा लखोटा आला. रेफरीवर बूट फेकल्याबद्दल 'मुख्य प्रशिक्षक श्री. विर्गुलिनु' यांना चार सामन्यांची बंदी. मी म्हटलं, हाय रे देवा. तर हे पत्र घेऊन थेट सुताराकडे. चौकट करून आणली आणि दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीशेजारी टांगली. दिवसातून चारदा चष्मा लावून वाचतात. त्यातले दोनच शब्द वाचतात, हे मला ठाऊक आहे. आजवर त्यांना कुठल्या कागदाने मुख्य म्हटलं नव्हतं रे.

पण खाली बारीक अक्षरात एक अट आहे, ती त्यांनीच मला दाखवली. बंदी भोगायची तर माणसाचं नाव कुठल्यातरी संघात नोंदवलेलं हवं. नाहीतर ती तशीच डोक्यावर राहते. हा माणूस जन्मात कोणाचं देणं लागला नाही, त्याला आता शिक्षा भोगायची भारी घाई झालीय. रोज विचारतात, "अदेरितुचं त्या क्लबशी ठरलं का?"

तेव्हा त्या बंदरवाल्यांना सांग, सही करतो, पण सहायक माझा मी आणणार. चार सामने तो बाहेर बसेल, पाचव्यापासून बाकावर. बाकावर बसून राहील याची हमी मी देत नाही.

बॅग भरून दाराशी ठेवलीय. एक नाही, दोन. अरे, चार सामने तो माणूस प्रेक्षकांत बसणार, शेजारी कोणीतरी नको का?

मावशी